अलंग-मदन-कुलंगच्या नावाने झालेली आमची फसवणूक

इगतपुरी तालुक्यातील आंबेवाडी गावाच्या मागे अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले एका रांगेत उभे आहेत. कळसूबाईच्या रांगेतील हे त्रिकूट सह्याद्रीतील सर्वांत अवघड मोहिमांमध्ये गणले जाते, कारण अलंग आणि मदन यांच्या पायऱ्या जिथे तुटलेल्या आहेत तिथे उभा कातळ आहे आणि तो दोर, हार्नेस (दोर अडकवण्यासाठी कमरेला बांधायचे पट्टे) व जाणकार माणसे यांच्याशिवाय चढता येत नाही. गेल्या डिसेंबरमध्ये मी, माझी पत्नी, दोन भाचे आणि कचेरीतील तीन सहकारी अशा सात जणांनी या मोहिमेचा बेत आखला आणि त्यात एका भामट्याने आमच्याकडून २९,४०० रुपये उकळले. पैशांचे दुःख आहेच. परंतु जिथे दोर सांभाळणाऱ्याची एक चूक जिवावर बेतू शकते, तिथे जाण्यासाठी आम्ही एका सर्वस्वी खोट्या माणसाच्या भरवशावर बहिणीची मुले सोबत घेऊन निघालो होतो, ही गोष्ट मला आजही झोपू देत नाही.

सुरुवात व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या एका जाहिरातीने झाली. मदनच्या कातळटप्प्यावर लाल हेल्मेट घातलेली एक मुलगी दोराला लटकून हसत आहे, असे छायाचित्र, खाली दोन दिवसांचा कार्यक्रम आणि माणशी ३,२०० रुपये असा दर. इतर संस्थांपेक्षा हा दर थोडासाच कमी होता. तो फारच कमी असता तर आम्हाला संशय आला असता. मी फोन केला तेव्हा पलीकडच्या गृहस्थाने अतिशय अदबीने, न कंटाळता माझ्या प्रश्नांची उत्तरे दिली. मुक्काम अलंगच्या गुहेत, पाणी वरच्या टाक्यांतले, कुलंगची चढण दमवणारी पण दोराशिवाय होणारी, मदनवर आधी लीडर चढून दोर लावणार, हे सारे त्याने बिनचूक सांगितले आणि माझी खात्री पटली. माझी चूक इथे झाली. त्याने सांगितलेली प्रत्येक गोष्ट या किल्ल्यांवर जाऊन आलेल्यांच्या कोणत्याही वर्णनात वाचायला मिळते. ती माहीत असण्यासाठी आंबेवाडीला पाय लावण्याचीही गरज नाही.

एकच प्रश्न असा होता की ज्याचे उत्तर त्याला वाचून देता आले नसते, आणि तो मी विचारलाही होता. आंबेवाडीत आपण जेवणार कोणाच्या घरी? तो म्हणाला, “आमचं ठरलेलं घर आहे, तुम्ही काळजी करू नका.” मी नाव विचारले नाही. गावात नेहमी जाणारा माणूस त्या घरच्या बाबांचे नाव न विचारता सांगतो, कारण पहाटेचे पोहे, वाटाड्या, सामान वाहणारी मुले असे सगळे त्याच घरातून ठरत असते.

नोंदणीसाठी माणशी १,००० म्हणजे ७,००० रुपये आम्ही त्याच दिवशी पाठवले. चार दिवसांनी “जागा भरत आल्या आहेत” म्हणून उरलेले १५,४०० त्याने मागून घेतले. निघण्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, हार्नेस आणि हेल्मेटची परत मिळणारी अनामत म्हणून आणखी ७,००० रुपये गेले. पहिल्याच वेळी यूपीआयवर क्रमांक टाकल्यावर पडद्यावर एका बाईंचे नाव उमटले होते. संस्थेचे नाव नव्हते, त्या गृहस्थाचेही नव्हते. मी विचारले तेव्हा “खातं बहिणीच्या नावावर आहे” हे उत्तर आले आणि मी ते मानले. वास्तविक तिथे दिसणारे नाव बँकेत नोंदलेल्या खातेदाराचे असते आणि त्या क्षणी आपल्या हातात असलेला खरा पुरावा तेवढाच असतो. राज्य शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते, हे मला ठाऊक होते. त्याबद्दल तो “प्रक्रिया सुरू आहे” एवढेच म्हणाला.

शुक्रवारी रात्री शेवटच्या कसारा लोकलने आम्ही निघालो. कसाऱ्याला त्याने कबूल केलेली जीप नव्हती आणि त्याचा फोन बंद होता. रस्त्यात काही अडचण आली असेल असे स्वतःला समजावत आम्ही दुसरी जीप ठरवून घोटीमार्गे पहाटे आंबेवाडीत पोहोचलो. एका घरी चूल पेटली होती आणि अंगणात दुसऱ्या एका गटाचे दोर मांडून तपासले जात होते. घरच्या बाबांनी विचारले, “कुणासंगं आलात?” आम्ही नाव सांगितले. त्यांनी ते दोनदा ऐकले, आत जाऊन मुलाला विचारले आणि बाहेर येऊन म्हणाले, “या नावाचं कोणी आमच्याकडं कधी आलं नाही, साहेब.”

त्या गटाच्या लीडरला मी आम्हाला सामावून घेण्याची विनंती केली. त्याने नम्रपणे नकार दिला. हार्नेस मोजून आणलेले होते, आणि सात अनोळखी माणसांची जबाबदारी ऐन वेळी घेणे योग्य नाही, असे तो म्हणाला. त्या वेळी मला वाईट वाटले. आता वाटते की आयोजक असावा तर असा. भाच्यांचे म्हणणे होते की निदान अलंगच्या कातळापर्यंत जाऊन बघू, जमले तर चढू. बाबांनी चुलीपुढून उठून त्यांना स्पष्ट सांगितले की दोराशिवाय त्या वाटेला लागायचे नाही. अखेर त्यांच्या पुतण्याला सोबत घेऊन आम्ही फक्त कुलंग केला.

तक्रार करण्यातही आम्ही चुकलो. गावात फोनला रेंज नव्हती, आणि परतल्यावरही “कदाचित त्याचा अपघात झाला असेल” या विचाराने मी सोमवार उजाडेपर्यंत थांबलो. सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन केला तेव्हा मला समजले की पैसे पुढच्या खात्यांत वळवले जाण्यापूर्वी कळवले तरच ते गोठवता येण्याची शक्यता अधिक असते. शनिवारी पहाटे कसाऱ्यालाच मी फोन केला असता तर गुरुवारचे ७,००० रुपये तरी कदाचित वाचले असते. तक्रारीचा क्रमांक मिळाला आहे, व्यवहारांचे तपशील आणि संभाषणाची चित्रे जोडली आहेत. रक्कम अद्याप परत आलेली नाही.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी मी प्रथम आंबेवाडीच्या त्या बाबांना फोन केला आणि त्यांच्याकडे नियमित येणाऱ्या संस्था कोणत्या ते विचारले. त्यातल्या एका संस्थेने पैसे घेण्याआधी आमच्यापैकी प्रत्येकाचे वय, वजन, आजार आणि आधीचे ट्रेक यांची माहिती मागितली. त्या भामट्याने यातले काहीही कधी विचारले नव्हते.

परवा एका नातेवाइकाने हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने चढणाऱ्या ट्रेकची एक जाहिरात मला पाठवली. संस्थेचे नाव वेगळे आहे, फोन क्रमांक वेगळा आहे, पण छायाचित्रात मदनच्या कातळावर तीच लाल हेल्मेट घातलेली मुलगी आहे.