एएफओ, हिच्या पायात दहा महिने

आमच्या हिला झटका आला आणि डावी बाजू गेली. हात बराचसा परत आला, पाय अर्धाच आला. बांबोळीच्या हॉस्पिटलातून साखळीला घरी आणली तेव्हा चालताना पंजा खाली लोंबायचा आणि उंबऱ्याला अडकायचा. फिजिओथेरपिस्टने एएफओ, म्हणजे अँकल-फूट ऑर्थोसिस, घोटा आणि पंजा सावरून धरणारा आधार, घ्यायला सांगितलं. पोटरीच्या मागून उतरून तळव्याखाली जाणारा, पांढऱ्या पॉलिप्रॉपिलीनचा साचा, पुढून दोन पट्टे. आमच्या वाड्यावर कुणी त्याला स्प्लिंट म्हणतं, कुणी बूट. शेजारच्या काकी म्हणतात ‘पायाचा पट्टा’. पणजीच्या बाजूच्या एका केंद्रातून मापावर करून घेतला, साडेसहा हजारांना. दहा महिने झाले, म्हणून हे लिहितो.

मी डॉक्टर नाही. मस्कतच्या एका हॉस्पिटलमध्ये पुनर्वसन विभागात बावीस वर्षं रेकॉर्ड क्लार्क होतो. पट्टे, कॅलिपर, इनसोल घेऊन गेलेले रुग्ण तपासणीला परत आले की त्यांच्याकडून समाधानाचा फॉर्म भरून घेणं माझ्याकडे असायचं. ज्यांना वाचता येत नसे त्यांना मीच वाचून दाखवायचो. त्यामुळे अशी वस्तू चांगली की वाईट हे विचारायचं कसं, यावर आयुष्यात बराच विचार झाला आहे.

आधी वस्तूबद्दल. माप घेतलं ते मन लावून. गुडघा वाकवून बसवलं, घोटा काटकोनात धरला, पुढच्या बाजूला एक पट्टी ठेवून वरून प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळल्या आणि सुकल्यावर त्या पट्टीवरून कापून साचा काढला. त्यात प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती करतात, हाडं वर येतात तिथे प्लास्टरचा थर वाढवतात आणि मग भट्टीत मऊ केलेली प्लास्टिकची शीट त्यावर ओढून व्हॅक्यूमने चिकटवतात. माप घेणाऱ्या केंद्रातल्या मुलीने हे सगळं हिला समजावून सांगितलं. वजन घरच्या काट्यावर २९० ग्रॅम भरलं. पहिल्या दिवसापासून पंजा लोंबायचा थांबला. ओसरीपासून फाटकापर्यंत ती काठीवर, पण पाय न ओढता गेली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्यासाठी त्या केंद्राचा ऋणी आहे.

तिसऱ्या दिवशी बाहेरच्या घोट्यावर लाल वण दिसला. पट्टा काढल्यावर अशी लाली वीस मिनिटं, अर्ध्या तासात जायला हवी. दीड तास झाला तरी गेली नाही. झटक्यानंतर त्या पायाची जाणीव कमी झालेली, दुखतंय हे तिला कळतच नव्हतं. केंद्राने दुसऱ्याच दिवशी बोलावलं, हीट गनने तेवढा भाग गरम करून बाहेर फुगवला, पैसे घेतले नाहीत. मात्र घरी रोज पाय तपासा, पहिल्या दिवशी तासभरच घाला आणि हळूहळू वाढवा, हे द्यायच्या दिवशीच कागदावर लिहून द्यायला हवं होतं. मला ठाऊक होतं म्हणून निभावलं. सगळ्यांच्या घरी मस्कतहून परतलेला क्लार्क नसतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. हा साचा बुटाच्या टाचेची उंची धरून केलेला असतो, म्हणजे तो बुटातच घालायचा. आमच्या घरात चप्पल दाराबाहेर राहते. ही देवघराच्या दारात नुसत्या पट्ट्यावर गेली आणि गुळगुळीत सिमेंटवर ते प्लास्टिक सर्रकन सरकलं. चौकट हाताला लागली म्हणून वाचली. माप घेताना, देताना, नंतर दुरुस्तीच्या वेळी, एकदाही कुणी विचारलं नव्हतं की घरात तुम्ही अनवाणी असता का. गोव्यात हा प्रश्न विचारायला नको?

मस्कतमध्ये हाच प्रश्न मी रोज पाहिला होता. तिथले पुरुष दिशदाशाखाली, म्हणजे पायघोळ अंगरख्याखाली, उघड्या चपला घालतात, त्यात एएफओ बसत नाही. नमाजाआधी वजू करताना पाय धुवायचे, मशिदीत पादत्राणं बाहेर, सजद्यात, म्हणजे कपाळ टेकताना, पायाची बोटं जमिनीला टेकवायची. काटकोनात घट्ट धरलेला घोटा हे करू देत नाही. पण समाधानाचे हे फॉर्म मुळात बाहेरचे. क्वेस्ट नावाचा फॉर्म कॅनडाच्या क्वेबेकमधला: बारा प्रश्न, आठ वस्तूचे, चार सेवेचे, १ ते ५ गुण आणि शेवटी त्यातल्या तुमच्या लेखी सर्वांत महत्त्वाच्या तीन गोष्टी निवडायच्या. ऑपस हा दुसरा फॉर्म २००३ मध्ये शिकागोहून प्रसिद्ध झाला. त्यात पट्टा नीट बसतो का, कपडे फाटतात का, कातडी सोलते का, असे फार चांगले प्रश्न आहेत. कपड्यांचा प्रश्न मला पूर्वी किरकोळ वाटे. वेल्क्रोच्या काट्यांनी हिच्या दोन साड्यांचे काठ उसवले, तेव्हा त्याची किंमत कळली. पण अनवाणी चालण्याचं त्यांत नाही. आपल्याकडे जयपूर फूट झाला तो याच गरजेतून, अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं म्हणून. कृत्रिम पायासाठी हा विचार १९६०च्या दशकातच झाला. पट्ट्यासाठीही तो माप घेतानाच व्हायला हवा.

आणि भाषा. प्रश्नावली अरबीत नेण्याची रीत ठरलेली आहे. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्यांनी ते उलट इंग्रजीत आणायचं, जाणकारांनी बसून फरक मिटवायचे, मग तीस-चाळीस रुग्णांवर करून पाहायचं. ही शेवटची पायरी सर्वांत मोलाची, असं मला वाटतं. कागदावर शुद्ध अरबी असते, घरात ओमानी बोली. ऑर्थोसिसला पुस्तकी शब्द ‘जिहाज तक़्वीमी’. म्हातारे विचारायचे, दातांची तार का? कारण तक़्वीम म्हटलं की लोकांना दात सरळ करायची तार आठवते आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ दिनदर्शिका. मी ‘जबीरा’ म्हणायचो, म्हणजे मोडलेल्या हाडाला बांधतात ती, आणि खुणेने पाय दाखवायचो. एका छपाईत मजकूर उजवीकडून डावीकडे आणि गुणांचे चौकोन मात्र इंग्रजीसारखे डावीकडून राहिले होते. उजवीकडून वाचणारा माणूस पहिल्याच चौकोनावर खूण करी, आणि तो असे ५. त्यातून अरबी पाचाचा आकडा आपल्या शून्यासारखा गोल. असे कागद मी बाजूला काढून पुन्हा भरून घेतले आहेत.

पण खरी अडचण ‘समाधान’ या शब्दातच. ‘राज़ी आहात का?’ विचारलं की समोरचा छातीवर हात ठेवून ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणायचा. आपला ‘राजी’ तिथूनच आलेला. तिथे त्याला अल्लाने दिलं ते मान्य करण्याचाही अर्थ आहे. टाचेला फोड आलेला माणूस राज़ी असायचा. मग कागदावर काय लिहू, तीन की पाच?

केंद्रात महिन्याने फॉर्म दिला तो इंग्रजी. मुलगी बेळगावकडची, तिने मराठीत विचारलं, ‘काकू, समाधानी आहात ना?’ ही घरी कोकणी बोलते, वाचते मराठी. घोट्यावरचा वण अजून पुरता गेला नव्हता. म्हणाली, ‘बरें आसा गे बाय. देव बरें करूं.’ सगळ्या रकान्यांत पाच पडले. मी शेजारी बसून ते होऊ दिलं, याची मला अजून रुखरुख लागते. आपल्याकडेही समाधान म्हणजे आहे त्यात राहणं, कीर्तनं ऐकून तो अर्थ हाडीमांसी खिळलेला. तसं विचारलं की माणसाची सोसण्याची ताकद मोजली जाते, पट्टा तसाच राहून जातो. वर पट्टा करणारीच समोर बसलेली, तिला वाईट कसं सांगणार?

घरी आल्यावर मी हिला क्वेस्टचे बाराही मुद्दे कोकणीतून, चहा पिता पिता विचारले. परिणामकारकता ५. वजन ४. सोय ३, पावसाळ्यात घामाने मोजे भिजतात, दिवसातून दोनदा बदलावे लागतात, आतला फोम वाळत नाही. घालायला सोपा? २, कारण डाव्या हाताने खालचा पट्टा अजून ओढता येत नाही. सुरक्षितता बाहेर ५, घरात १. दुरुस्ती ५. नंतरची विचारपूस २. तीन महत्त्वाच्या गोष्टींत तिने सुरक्षितता, घालायची सोय आणि तिसरी म्हणून ‘साडी’ सांगितली.

हे सगळं लिहून मी केंद्राला नेऊन दिलं. त्यांनी वाचलं, राग धरला नाही. खालच्या पट्ट्याला मोठी कडी लावून दिली, आता ती उजव्या हाताने ओढते. घरात वापरायला वेल्क्रोचे हलके बूट वेगळे ठेवले आहेत, ते अंगणातही जात नाहीत, म्हणून देवघरातही चालतात असं हिने स्वतःच ठरवलं. घ्यायचा असेल त्यांनी माप द्यायला जाताना घरात घालायचे आणि बाहेरचे, दोन्ही बूट सोबत न्यावेत, एक नंबर मोठे, दोन्हींची टाच सारख्या उंचीची.

केंद्राने आता मला मराठी-कोकणी प्रश्न लिहून द्यायला सांगितलं आहे. पहिला मी असा लिहिला: सकाळी पट्टा घातल्यावर दिवसात पहिल्यांदा तो काढावासा कधी वाटतो? हिला विचारून पाहिलं. तिने ‘बरें आसा’ म्हटलं नाही. थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, ‘वेणी घालायला बसते तेव्हा. मागची कड खुर्चीच्या दांडीला घासते.’ ती कड मी आज पाहिली, खरंच खरखरीत झाली आहे.