पादचारी पूल निवडताना: चढ किती, पाणी कुठवर?

वडोदऱ्यात सोसायटीतर्फे किंवा वॉर्डातर्फे पादचारी पुलाची मागणी करायची ठरली, की चर्चा पुलाच्या रूपावरून सुरू होते. झुलता हवा, कमानीचा हवा, वर छत हवं. माझी विनंती एवढीच, की त्याआधी एक आकडा काढा: माणसाला किती चढावं लागणार?

रस्त्यावरचा पूल घ्या. शहरात वाहनांसाठी खाली 5.5 मीटर मोकळी उंची ठेवतात. पुलाची जाडी अर्धा मीटर धरली तर चढ 6 मीटरचा. 15 सेंटीमीटरची पायरी धरा: 40 पायऱ्या वर, 40 खाली. व्हीलचेअरसाठी 1:12 चा उतार करायचा तर 72 मीटर लांबी, मधले सपाट टप्पे वेगळे, आणि हे दोन्ही बाजूंना. आपल्या किती चौकांत एवढी जागा आहे? भुयारी मार्गात माणसाच्या डोक्यापुरतीच उंची लागते, म्हणून 3 मीटरच्या आसपास, निम्म्याच पायऱ्या. कागदावर भुयारच सरस. पण अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालून जाणारा रस्ता, पावसाळ्यात कसं भरतं हे आपण दरवर्षी बघतो. पंप आणि निचऱ्याची पक्की सोय नसेल तर भुयार मागूच नका.

एकदा एका चौकातल्या पुलाखाली मी तासभर उभा होतो. एक आजी भाजीची पिशवी घेऊन पहिल्या पायरीपाशी आल्या, वर बघितलं, कठड्याला हात लावला, आणि वळून दुभाजकाच्या फटीकडे गेल्या. गाड्यांच्या मधून त्यांना पलीकडे जाताना बघून माझ्या पोटात गोळा आला. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जिथे सिग्नल आणि उंचावलेलं झेब्रा क्रॉसिंग बसतं, तिथे पूल नको. रेल्वेमार्ग किंवा हायवे असेल तर पूल घ्या, पण लिफ्ट आणि तिच्या देखभालीचं कंत्राट पहिल्या दिवसापासून मागा.

कांसेवरचा, म्हणजे पावसाचं पाणी नेणाऱ्या मोठ्या नाल्यावरचा, प्रश्न सोपा. गाळा, म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर, आठ-दहा मीटरचा असेल तर साधा आरसीसी स्लॅब पुरतो. मधे भिंत मात्र घालू देऊ नका, पहिल्याच पावसात तिला कचरा अडकतो.

खरी निवड विश्वामित्री नदीवर. समजा काठापासून काठापर्यंत 30-40 मीटर आहे. कॉंक्रीटच्या गर्डरला (पूल पेलणाऱ्या तुळईला) गंजाची भीती कमी आणि दर काही वर्षांनी रंगाचा खर्च नाही. पण 30 मीटरच्या गाळ्याला गर्डरच दीड-दोन मीटर खोल लागतो, आणि माणूस त्याच्या माथ्यावरून चालतो. पाण्याच्या वर दोन मीटर गर्डर, त्यावर वाट. उताराच्या हिशोबात चढाचा प्रत्येक जादा मीटर म्हणजे दोन्ही काठांवर 12-12 मीटर. गर्डर पातळ करायला नदीत खांब घालावा, तर पुरात जलपर्णी आणि ओंडके त्यालाच येऊन अडतात. शिवाय पात्रात मगरी. 1972 च्या वन्यजीव कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा अंडी घालायच्या नि पिल्लं निघायच्या दिवसांत काठ खणण्याचा विचारही नको.

स्टीलच्या ट्रसमध्ये दोन्ही बाजूंच्या जाळ्या भार घेतात आणि माणूस त्यांच्या मधून, तळाशी चालतो. गाळा 20 मीटरचा असो की 40 चा, पायाखालची जाडी अर्ध्या मीटरच्या आसपासच राहते, आणि कठड्याचं कामही तीच जाळी करते. तुकडे मकरपुऱ्याच्या वर्कशॉपमध्ये बनतील, क्रेनने बसतील, नदीत उतरावं लागणार नाही. मी हाच घेईन. याची कमजोर जागा टोकाचं बेअरिंग, पूल जिथे काठावर टेकतो ते. तिथे गाळ साचतो, ओल धरते, पिंपळाचं रोप मूळ धरतं आणि पोलाद आतून खाल्लं जातं. वाकून हात घालता येईल एवढी मोकळी जागा तिथे नकाशातच मागून घ्या.

झुलत्या पुलाचं आकर्षण मला समजतं. लांब गाळा, कमी वजन, दिसायला देखणा. पण त्याचा जीव केबलमध्ये, आणि केबलचा गंज वरून दिसत नाही. मोरबीत 30 ऑक्टोबर 2022 ला पूल तुटून 135 माणसं गेली. तपासात मुख्य केबलच्या 49 तारांपैकी 22 तारा आधीच गंजलेल्या असल्याचं निघालं. हलका पूल पावलांच्या ठेक्याने डोलतो तो वेगळाच. लंडनचा मिलेनियम पूल जून 2000 मध्ये उघडला आणि डोलण्यामुळे दोन दिवसांत बंद करावा लागला. हेलकावे शोषणारे डॅम्पर बसवून तो 2002 मध्ये पुन्हा खुला झाला. केबल नियमित तपासणारा जाणकार माणूस ज्या यंत्रणेकडे नाही, तिच्याकडून झुलता पूल मागू नका.

गर्दीबद्दलही आधीच बोलून घ्या. भारतीय नियमांत वाहनांच्या पुलावरच्या पदपथाला मूळ भार दर चौरस मीटरला 400 किलो धरतात; जत्रा-यात्रेच्या ठिकाणी आणि निव्वळ पादचारी पुलाला 500. तेव्हा 500 च लिहून मागा, विसर्जनाला तुमच्या घाटाकडे लोक लोटत असतील तर नक्कीच.

जागा बघायला जाल तेव्हा टेप न्या आणि काठावरच्या जुन्या भिंतीवर ऑगस्ट 2024 च्या पुराची मातकट रेघ शोधा. पुलाचा तळ त्या रेघेच्या वर हवा. रस्त्यापासून रेघेपर्यंतची उंची मोजा, त्यात पुलाची जाडी मिळवा, बाराने गुणा, आणि तेवढे मीटर काठावर स्वतः चालून बघा.