पणजीजवळचा बंगला आणि आगाऊ रकमेची फसवणूक

म्हापसा मागे पडतं, पर्वरीहून गाडी नेरूळच्या रस्त्याला लागते, मागच्या सीटवर मुलं पेंगलेली असतात. नकाशा 'पोहोचलात' म्हणतो तिथे माडांच्या बागेत एक बंद फाटक असतं. बुकिंग घेणाऱ्याचा फोन बंद. शेजारच्या घरातलं कुणीतरी दिवा लावून बाहेर येतं आणि सांगतं की इथे भाड्याने काहीच देत नाहीत. मिरामारची संध्याकाळ, फोंताइन्हासमधल्या रंगीत घरांपुढचे फोटो, मासळीचं ताट, सगळ्या बेतावर तिथेच पाणी पडतं. नाताळात आणि मे महिन्यात हे अनेक कुटुंबांच्या वाट्याला येतं, आणि प्रत्येक वेळी पद्धत जवळजवळ एकच असते.

सुरुवात फोटोंपासून होते. फोटो खऱ्या बंगल्याचे असतात, फक्त दुसऱ्याच्या. कधी ते गोव्यातल्याच एखाद्या महागड्या घराच्या जाहिरातीतून उचललेले, तर कधी थेट बालीतले. हे ओळखायचं तर पलंगाजवळच्या भिंतीवरचा स्विचबोर्ड मोठा करून बघा. आपल्याकडे तीन गोल भोकांचा सॉकेट आणि शेजारी त्याचं बटण असतं. इंडोनेशियात दोन भोकांचा, आत खोल गेलेला गोल सॉकेट असतो. पोहण्याचा तलाव आणि झाडं कुठलीही खपून जातात, स्विचबोर्ड खपत नाही. शिवाय प्रत्येक फोटो गूगल लेन्समध्ये टाका. तोच तलाव दुसऱ्या नावाने, दुसऱ्या गावात दिसला तर विषय तिथेच संपला.

दुसरं आमिष दराचं. ऐन नाताळात चार खोल्यांचा, तलावासकट बंगला रोज आठ-नऊ हजारांत मिळत असेल तर तो बंगला नाही, गळ आहे. त्यावर घाई लादली जाते: 'दुसरी पार्टी तयार आहे, अर्ध्या तासात निम्मी रक्कम टाका.' नंबर गूगल मॅप्सवर सापडला म्हणून निर्धास्त होऊ नका. तिथल्या माहितीत बदल कुणीही सुचवू शकतो, आणि खऱ्या हॉटेलच्या नावाखाली भलताच मोबाइल नंबर चिकटवल्याचे प्रकार होतात.

खरी लूट मात्र पहिल्या हप्त्यानंतर होते, आणि शिकलेली माणसंही इथेच अडकतात. समजा १२,५०० रुपये गेले. लगेच निरोप येतो: 'परत मिळणारी अनामत ५,००० भरा.' ती भरली की, 'सिस्टिमने पैसे घेतले नाहीत, रकमेच्या रकान्यात तुमचा बुकिंग कोड २४९९८ टाका, म्हणजे आधीचे सगळे आपोआप परत येतील.' फोनवरचा माणूस शांतपणे, एकेक आकडा सांगत तुमच्याकडून टाइप करून घेतो. तो कोड नसतो. रकमेच्या रकान्यात टाकलेला आकडा म्हणजे रक्कमच, २४,९९८ रुपये. आधीचे पैसे सोडवायच्या धडपडीत माणूस हे दोन-तीनदाही करतो. शेवटी परताव्यासाठी क्यूआर कोड येतो आणि त्यावर पिन मागितला जातो. यूपीआयचा पिन पैसे जाण्यासाठी लागतो, येण्यासाठी कधीच नाही.

आता पैसे टाकण्याआधी काय करायचं. सगळ्यात भरवशाची परीक्षा म्हणजे व्हिडिओ कॉल, पण आधी सांगून केलेला नाही. बोलता बोलता म्हणा, 'आत्ता फाटकापासून आत चालत या, भिंतीवरचा घर क्रमांक दाखवा, मग विजेचा मीटर दाखवा.' मालक किंवा राखणदार खरा असेल तर कुरकुरत का होईना, पण दाखवेल. आत्ता घरी कुणी नाही म्हणाला तर तासाभराने दाखव म्हणा. सबबी वाढत गेल्या तर एक रुपयाही टाकू नका.

गोव्यात पर्यटकांना पैसे घेऊन राहायला देणाऱ्या घराची १९८२ च्या कायद्यानुसार पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. त्या दाखल्याची प्रत मागा, आणि त्यावरचं नाव व पैसे टाकताना यूपीआयवर दिसणारं बँक खात्याचं नाव जुळतंय का ते बघा. घर नेरूळचं आणि खातं भलत्याच माणसाचं, तर 'ते आमच्या अकाउंटंटचं खातं' हे उत्तर स्वीकारू नका. जीएसटीची पावती आली तर क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि गोव्यातल्या नोंदणीचा ३० ने सुरू होतो (महाराष्ट्राचा २७ ने). तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नाव दिसतं. लहान घरमालकाकडे जीएसटी क्रमांक नसू शकतो, त्यात गैर नाही. पण पाहुण्यासाठी 'परत मिळणारा जीएसटी' असा प्रकारच नसतो.

बंगल्याखेरीज दोन गोष्टी थोडक्यात. भाड्याची स्कूटर घेताना काळ्या पाटीवर पिवळे आकडे हवेत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त पडते, पण ती भाड्याने देणं बेकायदा आहे. पकडलं तर दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो आणि अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते. मूळ लायसन्स ठेवून जाऊ नका, आणि जुने ओरखडे देणाऱ्याच्या समोर व्हिडिओत घ्या, नाहीतर परत करताना ते तुमच्या नावावर लागतात. ग्रांडे बेटाच्या स्कूबाचे आगाऊ पैसे मागणाऱ्याला पाण्याखाली नक्की किती मिनिटं आणि किती खोल हे लेखी विचारा. पावसाळ्यात समुद्रातली जलक्रीडा बंद असते. जुलैचं पॅरासेलिंग विकणारा सरळ खोटं बोलतोय.

तरीही पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नका. एकेक मिनिट मोलाचं असतं. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बुकिंगवाल्याला शिव्या द्यायला नको. पिन तुम्हीच टाकलेला असल्याने बँक सहसा भरपाई देत नाही. समोरच्या खात्यातून रक्कम पुढे सरकण्याआधी ती गोठवली जाणं, हीच आशा असते. फोनवर व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक विचारतात. तो यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. जितके व्यवहार तितके क्रमांक, सगळे कागदावर उतरवून मग फोन लावा. चॅट पुसू नका, त्या माणसाला ब्लॉकही लगेच करू नका. आधी त्याचा नंबर, यूपीआय आयडी आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट घ्या. तक्रारीचा क्रमांक मिळाला की तो आपल्या बँकेलाही लेखी कळवा. गुन्हा नोंदवायला गोव्यातच थांबावं लागत नाही. हद्द कुठलीही असली तरी तुमच्या गावच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंद (झिरो एफआयआर) घेता येते. कुणी 'गोव्यात जा' म्हणालं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा.