ट्रेस एलिमेंट्सच्या दोन बाटल्या: सात-आठ महिने वापरल्यानंतर

समुद्री पाण्याच्या कोरलच्या टाकीत ट्रेस एलिमेंट्स, म्हणजे अगदी सूक्ष्म प्रमाणात लागणारी मूलद्रव्यं, टाकायच्या बाटल्यांबद्दल हे आहे. सुरुवातीलाच सांगतो, वस्तू वाईट नाही. पण लेबलवर ज्या ज्या गोष्टींचं श्रेय ती घेते ना, त्यातलं निम्मं तरी सॅलिनिटी (पाण्यातल्या मिठाचं प्रमाण) आणि आल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा) जागेवर ठेवण्याला जायला हवं, असं आता माझं पक्कं मत झालंय. मी म्युनिकला राहतो, इथे हे सगळं सामान सहज मिळतं, आणि पुण्या-मुंबईचे मित्र सारखे विचारत असतात की ट्रेस कुठले टाकतोस, किती टाकतोस, कोरलला रंग येतो का. प्रत्येकाला वेगळा व्हॉइस मेसेज पाठवून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतो.

ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही कारण हल्ली सगळ्यांची रचना थोडीफार तीच असते. एका बाटलीत आयोडीन, फ्लोराइड, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम अशी ऋणभाराची मंडळी, दुसरीत स्ट्रॉन्शियम, बेरियम, मँगनीज, लोह, झिंक ही धनभाराची. दोन बाटल्या का, तर घट्ट द्रावणात फ्लोराइडला स्ट्रॉन्शियम भेटलं किंवा सल्फेटला बेरियम भेटलं की तळाला पांढरा साका बसतो आणि तो परत विरघळत नाही. त्यामुळे पंपाचं काम वाचवायला दोन्ही एकाच डब्यात ओतून ठेवणारे लोक पाहिले की मला खरंच कळत नाही काय बोलावं. पैसे देऊन गाळ विकत घ्यायचा आणि वर म्हणायचं फरक पडत नाही.

माझी सिस्टिम सम्प (फिल्टरची जोडटाकी) धरून कागदावर 300 लिटरची आहे. दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा केली की पाणी उरतं साधारण 235 लिटर. हा आकडा आधी काढा. पहिल्यांदा पाणी भरताना बादल्या मोजल्या असतील तर उत्तमच. डोस 100 लिटरमागे दिलेला असतो आणि लोक दुकानदाराने सांगितलेला टाकीचा आकडा धरून टाकत राहतात, म्हणजे पहिल्या दिवसापासून सव्वापटीहून जास्त जातंय. कॅल्शियममध्ये एवढं चालून जातं, ट्रेसमध्ये चालत नाही, कारण तिथे गणित मायक्रोग्रॅमचं आहे.

पण लिटरपेक्षाही मोठी गडबड वेगळीच आहे. लेबलवरचा डोस कोरलने गच्च भरलेल्या टाकीचा असतो, आणि आपल्याकडे असतात चार फ्रॅग (कोरलचे छोटे तुकडे) आणि एक हॅमर कोरल. मला सगळ्यात उपयोगी पडलेला हिशोब असा: कोरल सांगाडा बांधताना 1 डीकेएच (हे आल्कलिनिटीचं एकक) आल्कलिनिटी खर्च करतं तेव्हा साधारण 7 मिलिग्रॅम प्रति लिटर कॅल्शियम घेतं. समुद्रात कॅल्शियम 415च्या आसपास आणि स्ट्रॉन्शियम 8, आणि सांगाड्यात दोघांचं प्रमाण जवळपास तेच राहतं, म्हणजे त्या 1 डीकेएचमागे स्ट्रॉन्शियम गेलं साधारण 0.14. टाकी रोज 1 डीकेएच खात असेल तर महिन्याला 4 मिलिग्रॅम प्रति लिटर, समुद्राच्या पातळीच्या निम्मं, तिथे नुसतं पाणी बदलून भागणार नाही हे उघड आहे. पण टाकी रोज 0.1च खात असेल तर महिन्याला जेमतेम 0.4, आणि दर आठवड्याला 10 टक्के पाणी बदलणारा माणूस महिन्याभरात एक तृतीयांश पाणी नवं करतो, त्यात ही तूट बरीचशी भरून निघते. दोन्ही टाक्या 235 लिटरच्या, लेबलवरचा डोस दोघांना सारखाच! म्हणून मी डोस लिटरवर न लावता आल्कलिनिटीच्या खपावर लावला, आठवडाभर रोज एकाच वेळी आल्कलिनिटी मोजून. माझ्याकडे तो लेबलच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आला, आणि तेवढ्यावरच गाडी नीट चाललीय.

शिवाय ट्रेस फक्त या बाटलीतूनच येतात असं थोडंच आहे. मी बालिंग पद्धत वापरतो, हान्स-वेर्नर बालिंग या जर्मन माणसाच्या नावाने ओळखली जाणारी: कॅल्शियम क्लोराइड, सोडियम बायकार्बोनेट आणि तिसरं सोडियम क्लोराइड वगळलेलं मीठ. या तिसऱ्या मिठातच बरेच ट्रेस असतात. काही कंपन्यांच्या कॅल्शियमच्या द्रावणात ट्रेस आधीच घातलेले असतात. नव्या पाण्याच्या मिठात असतात, माशांच्या खाण्यात असतात. इथला एक ओळखीचा हे सगळं वापरून वर दोन बाटल्या आणि शिवाय रंगासाठी म्हणून तिसरी टाकत होता, आणि पाणी तपासल्याच्या रिपोर्टमध्ये झिंक वर दिसलं की दोष लॅबला! त्याच्या काच घासायच्या मॅग्नेटचं प्लास्टिक तडकून आत गंज चढलेला होता हे पुढे कळलं, पण ते असतानाही झिंक असलेली बाटली चालूच होती.

साठत जाण्याचं गणित एकदा डोक्यात बसलं ना की हात आपोआप आखडतो. समजा एखादं मूलद्रव्य खपापेक्षा दर आठवड्याला फक्त 1 मायक्रोग्रॅम प्रति लिटर जास्त पडतंय, तुम्ही 10 टक्के पाणी बदलताय आणि नव्या मिठात ते नाहीये. तरी ते चढत चढत 10च्या जवळ जाऊनच थांबणार. पाणी बदलतच नसाल, आणि हल्ली पाणी न बदलण्याची फॅशन आहेच, तर ते थांबतच नाही. कॉपर, निकेल, झिंक यांच्या बाबतीत हे असं हळूहळू चढणं दिसत नाही आणि मग एक दिवस गोगलगाई पालथ्या पडलेल्या दिसतात.

आता सॅलिनिटी. मला विचाराल तर ट्रेसच्या निम्म्या चुका इथे आहेत. समजा रिफ्रॅक्टोमीटर (सॅलिनिटी मोजायचं उपकरण) 35 पीपीटी, म्हणजे हजारात 35 भाग, दाखवतोय पण टाकी प्रत्यक्षात 33वर आहे. मग मॅग्नेशियम 1290च्या ऐवजी 1215, पोटॅशियम 400च्या ऐवजी 377, स्ट्रॉन्शियम 8च्या ऐवजी 7.5 येणार, सगळं एकदम एकाच प्रमाणात खाली. असा रिपोर्ट हातात पडला की लोक पाच बाटल्या ऑर्डर करतात, खरं तर कमी असतं ते फक्त मीठ! नंतर कधीतरी सॅलिनिटी दुरुस्त होते आणि तेव्हा बाकी सगळं वर गेलेलं असतं. रिफ्रॅक्टोमीटर आरओच्या (क्षार गाळून काढलेल्या) पाण्यावर शून्य लावला म्हणजे झालं असं समजू नका, 35 पीपीटीचं स्टँडर्ड द्रावण मिळतं, त्यावर लावा. स्वस्तात मस्त काम आहे आणि कुणी करत नाही.

आयोडीनबद्दल जरा जास्त लिहितो कारण मेसेज सगळ्यात जास्त त्याचेच येतात. समुद्रात एकूण आयोडीन 0.06 मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे 60 मायक्रोग्रॅम. काही रिपोर्ट मिलिग्रॅममध्ये येतात, काही मायक्रोग्रॅममध्ये, आणि शून्यांच्या घोळात हजारपट चूक करणारे लोक आहेत, थट्टा नाही करत. आता लुगोल, म्हणजे आयोडीनचं घट्ट द्रावण, बघा. 5 टक्के लुगोलमध्ये 5 टक्के आयोडीन आणि 10 टक्के पोटॅशियम आयोडाइड, सगळं धरून एका मिलिलिटरात साधारण 126 मिलिग्रॅम आयोडीन. एक थेंब म्हणजे 0.05 मिली धरा, 6 मिलिग्रॅमच्या वर झालं. 200 लिटर पाण्यात हा एकच थेंब पातळी 0.03ने वाढवतो, समुद्राच्या निम्म्याने! रोज दोन-तीन थेंब टाकायचा सल्ला ज्यांनी कुणी दिला त्यांनी हा भागाकार कधी केला नसावा. आणि लुगोलमधलं मोकळं आयोडीन जंतुनाशक म्हणून वापरतात ते, समुद्रात असतं ते आयोडेट आणि आयोडाइड. त्यातलं कुठलं किती आहे हे आयसीपी (पाण्यातली मूलद्रव्यं मोजणारी लॅबची चाचणी) सांगत नाही, ती फक्त एकूण सांगते. माझ्याकडे ऋणभाराच्या बाटलीने आयोडीन खालून वर आलं आणि टिकलं, हा या खरेदीचा सगळ्यात स्पष्ट फायदा. मात्र ॲक्टिव्हेटेड कार्बन बदलला की ते परत उतरतं, त्यामुळे कार्बन बदललेल्या आठवड्यातल्या रिपोर्टवरून डोस वाढवू नका.

आयसीपीबद्दल. लॅब इथे जर्मनीतच आहेत, पोस्टाने नळी पाठवायची, काही दिवसांत आकडे येतात, खर्च तीस-चाळीस युरो. नमुना घेताना नळी टाकीच्याच पाण्याने विसळायची, ॲडिटिव्हला वापरलेली सिरिंज जवळही आणायची नाही, आणि डोस पडल्या पडल्या पाणी काढायचं नाही. शक्य असेल तर आरओच्या पाण्याचाही नमुना पाठवा. म्युनिकचं पाणी इतकं कडक की केटलमध्ये पांढरा थर धरतो, त्यामुळे इथे सगळे आरओ लावतातच, पण त्याच्या पुढचं, उरलेले क्षार धरणारं रेझिन संपलेलं कळत नाही आणि पाइपातलं कॉपर सरळ टाकीत येत राहतं.

रिपोर्टमधला सगळ्यात फसवा भाग म्हणजे लाल रंगातला शून्य. लोह शून्य, मँगनीज शून्य! अहो, समुद्राच्या पृष्ठभागावर लोह बहुतेक ठिकाणी 1 मायक्रोग्रॅमच्याही खाली असतं, नेहमीच्या आयसीपीला एवढं बारीक नीट दिसतच नाही. त्यातून टाकलेलं लोह शेवाळ उचलतं किंवा साका होऊन बसतं, पाण्यात फार वेळ राहतच नाही. म्हणजे शून्य आला याचा अर्थ कमतरता आहे असा होत नाही. तो शून्य घालवायला डोस दुप्पट केला की काचेवर हिरवा थर मात्र वेळेवर येतो. सम्पमध्ये मुद्दाम ठेवलेलं कीटो नावाचं शेवाळ जोरात वाढत असेल तर लोह-मँगनीजचा खप खरोखर जास्त असतो, तिथे थोडं वाढवणं समजू शकतो. मी एकाच रिपोर्टवरून काहीच हलवत नाही, लागोपाठ दोन रिपोर्ट एकाच दिशेला गेले तरच.

रंगाचं काय? हाच खरा प्रश्न असतो सगळ्यांचा. प्रामाणिकपणे, मोंटिपोरा या कोरलचा रंग सुधारला, पण तो बाटल्या सुरू केल्यावर नाही. फॉस्फेट जवळपास शून्याला टेकलेलं होतं ते खाणं वाढवून 0.05च्या आसपास आणलं, नायट्रेट 5च्या पुढे ठेवलं, त्यानंतर सुधारला. बाटल्या तेव्हा चालू होत्याच, डोस बदललेला नव्हता. उपाशी कोरलला झिंक आणि मँगनीज देऊन रंग येत नाही. ट्रेस म्हणजे आमटीतला हिंग, पण आधी डाळ तरी शिजलेली हवी ना! आल्कलिनिटी दिवसाला एकाने वर-खाली होत असेल, अॅक्रोपोरा कोरलची टोकं जळत असतील, तर ही खरेदी चार महिने पुढे ढकला. हॅमर आणि टॉर्च या कोरलमध्ये मला काही फरक जाणवला नाही, आधी होते तसेच आहेत, मस्त.

डोसर (ठरलेला डोस आपोआप टाकणारा पंप) वापरणाऱ्यांसाठी एक. माझा डोस फार लहान असल्यामुळे स्वस्त पंप तो अचूक टाकूच शकत नाही, 0.2 मिली सांगितलं तर कधी 0.1, कधी 0.3. मी म्हणून हाताने, सिरिंजने, दोन दिवसांतून एकदा टाकतो, एक बाटली सकाळी आणि दुसरी रात्री, प्रवाह जोरात आहे तिथे. बायकोला वाटतं मी कुणाला तरी औषध देतोय, तिचंही बरोबरच आहे. पंपच हवा असेल तर आरओडीआयच्या (आरओ आणि रेझिन दोन्हींतून गेलेल्या) पाण्यात पातळ करून टाका, पण थोडंथोडंच बनवा, महिन्याचा साठा नको. पंपाची सिलिकॉन ट्यूब झिजते आणि डोस गुपचूप बदलतो, मधूनमधून मोजपात्रात काढून बघत जा. आणि बाटली हलवा हो, तळाशी काही बसलं असेल तर वरचं पाणी टाकून काय उपयोग.

भारतातून विचारणाऱ्यांना दोन ओळी: तिकडे सगळी हार्ड कोरल वन्यजीव संरक्षण कायदा 1972च्या अनुसूची 1मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मालवणला स्नॉर्कलिंग करताना सुटा तुकडा दिसला म्हणून उचलून आणायची गोष्टच काढू नका, आणि कुणी विकत देतोय म्हणाला तर आधी कायदा वाचा आणि मगच बाटल्यांचा विषय काढा. नुसते मासे ठेवलेल्या समुद्री टाकीत तर या बाटल्यांची गरजच नाही, नियमित पाणी बदललं की पुरे.

परत घेईन का? ऋणभाराची बाटली हो, ती संपत आलीय आणि आयोडीनसाठी तेवढी सोय दुसरीकडे नाही. दुसरी बाटली निम्म्याहून जास्त शिल्लक आहे, गेल्या रिपोर्टमध्ये झिंक थोडं वर दिसल्यापासून बंदच ठेवलीय, स्ट्रॉन्शियम लागलंच तर सुटं टाकेन. किंमत ज्या मापाने लावलीय त्या मापाने महाग आहे, पण तिसऱ्या हिश्शाच्या डोसने टिकते भरपूर. पाचपैकी साडेतीन. पहिल्यांदाच टाकी लावताय तर हे पैसे स्टँडर्ड द्रावणात आणि एका चांगल्या आल्कलिनिटी किटमध्ये घाला.