धान्यातल्या सोंड्यांवर परोपजीवी मित्रकीटक : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बहुतेकांना आधी निष्कर्ष हवा असतो, म्हणून तोच आधी. अख्खं धान्य असेल, कीड नुकतीच लागलेली असेल, साठा कोरडा असेल आणि त्यावर कीटकनाशक मारलेलं नसेल, तर परोपजीवी मित्रकीटक (किडीच्या अळीवर अंडं घालून तिला संपवणारे बारीक कीटक) खरोखर काम करतात. पोत्यात हात घातला की सोंडे मनगटावर चढतात, अशा अवस्थेला गेलेल्या साठ्यात ते सोडणं म्हणजे पैसे वाया घालवणं. पिठात तर ते सोडूच नयेत, त्याचं कारण पुढे येईल.

हे मित्रकीटक पुरवठादाराकडून एका नळीत येतात, आणि नळीत जे येतं ते बघून बऱ्याच जणांचा विरस होतो. आत थोडे किडके दाणे असतात आणि त्यांतून दोन-तीन मिलिमीटरचे काळसर, पारदर्शक पंखांचे कीटक बाहेर पडत असतात. हे गांधीलमाशीच्या गोतावळ्यातले, पण माणसाला डसत नाहीत आणि धान्यही खात नाहीत. धान्यासाठी प्रामुख्याने तीन जाती उपयोगाच्या आहेत : लॅरिओफॅगस डिस्टिंग्वेंडस, ॲनिसोप्टेरोमॅलस कॅलॅन्ड्रे आणि थिओकोलॅक्स एलेगन्स. तिन्ही दाण्याच्या आत वाढणाऱ्या किडीवर जगतात. म्हणजे गहू-तांदूळ-मक्यातले सोंडे, दाणे पोखरणारा छोटा भुंगेरा (ऱ्हायझोपर्था) आणि काही प्रमाणात कडधान्यातले भुंगे.

म्हणून मागणी नोंदवण्याआधी कीड ओळखा. डोक्यापुढे सोंड असेल तर तो सोंडा. सोंड नाही, अंग नळकांड्यासारखं आणि डोकं वरून दिसतच नाही, शिवाय धान्यात भुकटी खूप, तर तो ऱ्हायझोपर्था. चपटा, तपकिरी, मानेच्या दोन्ही कडांना सहा-सहा दाते असलेला करवती भुंगेरा असेल तर वरच्या तिघांपैकी एकही चालणार नाही. त्याच्या अळ्या दाण्याबाहेर हिंडतात आणि त्यांच्यासाठी सेफॅलोनोमिया टार्सॅलिस ही वेगळीच जात लागते. चुकीच्या जातीची नळी आणून 'हे सगळं थोतांड आहे' म्हणणारे बरेच भेटतात.

आता हे काम कसं चालतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळी निराशा तिथेच होते. सोंड्याची मादी सोंडेने दाण्यात भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि चिकट स्रावाने ते भोक बुजवते. अळी आतच वाढते, आतच कोष करते आणि 27 ते 30 अंश तापमानाला साधारण पाच आठवड्यांनी भुंगेरा दाणा कुरतडून बाहेर येतो. मित्रकीटकाची मादी दाण्यांवरून चालताना मिशांनी दाणा ठोकून बघते. आत मोठी अळी आहे असं कळलं की अंडी घालण्याची सुई दाण्यात खुपसते, अळीला लुळं करते आणि तिच्या अंगावर बाहेरून एक अंडं ठेवते. त्यातून निघालेली अळी सोंड्याच्या अळीला शोषून संपवते आणि 25 अंशांना साधारण तीन आठवड्यांत नवा मित्रकीटक बाहेर पडतो.

यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली, प्रौढ सोंड्याला कुणीच हात लावत नाही. तो चार ते आठ महिने सहज जगतो, म्हणजे नळी सोडल्यानंतरही सोंडे दिसतच राहणार. दुसरी, मादीला अंडं किंवा बारीक अळी चालत नाही. तिला जवळपास पूर्ण वाढलेली अळी लागते, फार तर नुकताच झालेला कोष. आज दाण्यात जे अंडं आहे ते तिच्या कामाचं व्हायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणून एकदाच पुष्कळ कीटक सोडण्यापेक्षा दर दोन-तीन आठवड्यांनी थोडे थोडे, किमान तीन-चार वेळा सोडणं कितीतरी फायद्याचं ठरतं.

अंड्यांचा आणखी एक हिशेब आहे. मादी त्यातल्या त्यात लहान अळीवर बहुतेक नर होणारं अंडं घालते आणि मोठ्या अळीवर मादी होणारं. साठ्यातल्या अळ्या अजून पुऱ्या वाढलेल्या नसताना नळी सोडली तर पुढच्या पिढीत नरच जास्त निघतात आणि काम तिथेच अडतं. नवीन भरलेल्या धान्यात पहिली नळी साधारण तीन आठवड्यांनी सोडावी, त्याआधी नको.

पहिला महिना संयमाचा असतो. त्या काळात सोंडे कमी होत नाहीत, उलट जास्त दिसू शकतात, कारण आत तयार झालेले कोष फुटत असतात. फरक बघायचा तर सोंडे मोजू नका, दाणे बघा. साठ्यातल्या पाच वेगवेगळ्या जागांहून आणि वेगवेगळ्या खोलीवरून मिळून किलोभर नमुना घ्या, 2 मिलिमीटरच्या चाळणीने चाळा आणि भोकं पडलेले दाणे वेगळे काढा. सोंडा बाहेर पडलेलं भोक मोठं असतं आणि त्याच्या कडा ओबडधोबड कुरतडलेल्या असतात. मित्रकीटकाचं भोक सुईने टोचल्यासारखं बारीक आणि स्वच्छ गोल असतं. भिंगाखाली दोन्ही एकदा शेजारी शेजारी ठेवून बघितली की पुन्हा गफलत होत नाही. दुसऱ्या महिन्यात बारीक भोकांचं प्रमाण वाढू लागलं तर सगळं मार्गी लागलं आहे असं समजा.

त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे दाणा फोडून बघणं. नमुन्यातले मूठभर दाणे पाण्यात टाका, तरंगणारे दाणे काढून तासभर भिजवा आणि पात्याने उभे चिरा. धडधाकट अळी पांढरी, बिनपायांची, फुगीर असते आणि टोचलं की वळवळते. लुळी पडलेली अळी हलत नाही, जराशी पिवळसर दिसते आणि तिच्या अंगाला बाहेरून चिकटलेली एक चिमुकली अळी दिसते. ही दुसरी अळी दिसली की मन निर्धास्त होतं. चाळणीवर कितीही सोंडे असोत, पुढची पिढी अडवली गेलेली असते.

किती सोडायचे? पुरवठादाराच्या पत्रिकेवर क्षेत्रफळाचा किंवा वजनाचा हिशेब असतो, पण किडीची घनता तो धरत नाही. आमचा ठोकताळा असा : किलोमागे एक-दोन प्रौढ सोंडे असतील तर सरळ नळ्या सोडाव्यात, पाचाच्या वर असतील तर आधी धान्य चाळून प्रौढ काढावेत आणि मगच सोडावेत. चाळणी हा या पद्धतीचा अर्धा भाग आहे. जे काम मित्रकीटक करत नाहीत ते चाळणी करते.

तापमान फार निर्णायक आहे. 15 अंशांच्या खाली हे कीटक सुस्तावतात, 20 ते 28 च्या पट्ट्यात उत्तम चालतात. थिओकोलॅक्सच्या बाबतीत तर धान्य 32 अंशांवरून 25 पर्यंत गार केलं की परिणाम स्पष्टपणे सुधारतो, कारण गारव्याने किडीची वाढ मंदावते आणि मित्रकीटक तिला गाठतो. ॲनिसोप्टेरोमॅलस त्यामानाने उष्णता चांगली सोसतो. साठ्यात एखाद्या जागी धान्य हाताला गरम लागत असेल, तर तिथे किडीच्या श्वसनाने उष्णता साचलेली असते. तो भाग आधी उपसून पसरवा, गार करा. नुसती नळी त्या जागी निभाव धरत नाही. ओलावा 12 टक्क्यांच्या वर असेल तर आधी धान्य वाळवणं बरं.

मांडणी सोपी आहे, पण चुका तिथेच होतात. नळी आल्या दिवशीच उघडायची, फ्रीजमध्ये ठेवून द्यायची नाही. धान्याच्या पृष्ठभागावर आडवी ठेवायची. पुरायची गरज नाही, लॅरिओफॅगस स्वतःहून धान्यात कित्येक मीटर आत जातो. तागाच्या पोत्याच्या विणीतून हे कीटक आत शिरतात, आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या पोत्यात शिरत नाहीत, मग प्रत्येक पोतं थोडं उघडावं लागतं. खोली अंधारी ठेवा. उजेड आला की ते खिडकीकडे जातात आणि काचेवर मरून पडतात. दिव्याचे आणि चिकटपट्टीचे सापळे त्या काळापुरते काढून ठेवा, कोळ्यांची जाळी झाडून घ्या, नळीजवळ मुंग्या येणार नाहीत हे बघा. हवाबंद पिंपात भरलेल्या धान्याला यातलं काहीच लागत नाही, झाकण खरोखर घट्ट असेल तर आतला प्राणवायू संपून कीड आपोआप मरते.

रसायनांशी यांचं अजिबात जुळत नाही. दाण्यावर किंवा भिंतीवर मारलेल्या स्पर्शजन्य कीटकनाशकाचा अंश महिनोन्‌महिने टिकतो आणि मित्रकीटक बहुधा किडीच्याही आधी मरतात. डायटोमाइट भुकटी (सूक्ष्म शैवालांच्या जीवाश्मांची माती) 'नैसर्गिक' असली तरी यांच्याही अंगावरचा मेणाचा थर खरवडून त्यांना सुकवते. फॉस्फिन या विषारी वायूची धुरी त्यामानाने अडचणीची नाही. ती प्रशिक्षित माणसानेच द्यायची असते, पण हवा पूर्ण खेळवल्यावर मागे अंश उरत नाही आणि त्यानंतर नव्याने येणाऱ्या किडीसाठी मित्रकीटक सोडता येतात.

कडधान्यात निकाल लवकर दिसतो आणि हा सगळ्यात समाधानाचा भाग. तिथले भुंगे प्रौढपणी काही खात नाहीत, दोनेक आठवड्यांत आपोआप मरतात. ॲनिसोप्टेरोमॅलसने आतल्या अळ्या गाठल्या की मागून भर पडत नाही आणि साठा महिना-दीड महिन्यात शांत होतो. दाण्यावर चिकटलेली पांढरी अंडी मात्र तशीच दिसत राहतात. ती बहुतेक रिकामी टरफलं असतात, त्यांवरून घाबरू नका.

आता पीठ. पिठातला तांबडा भुंगेरा, म्हणजे ट्रायबोलियम, अंडी सुटी घालतो आणि त्याच्या अळ्या पिठातच फिरतात. त्यांच्यावर होलेपायरिस सिल्व्हॅनिडिस हा परोपजीवी आहे. तो अळीला लुळं करून कपारीत ओढून नेतो आणि तिथे अंडं घालतो. पण बारीक, दाबलेल्या पिठात तो खोल जाऊ शकत नाही. शिवाय दाण्यातला मेलेला मित्रकीटक चाळणी-पाखडणीत निघून जातो, पिठातला पिठातच राहतो. त्यामुळे याची जागा गिरणीच्या फटींत, यंत्रांच्या खाली, साचलेल्या भरड्यात. खाण्याच्या पिठात नाही. झायलोकोरिस फ्लॅव्हिपेस हा भक्षक ढेकूणही अशाच जागी बरा, तो उघडी अंडी आणि लहान अळ्या फस्त करतो. दाण्याच्या आत मात्र त्याची पोहोच नाही.

घरच्या पिठाला खरा उपाय गारठ्याचा. उणे 18 अंशांना लहान पिशवी चार-पाच दिवस आणि मोठी पिशवी पूर्ण आठवडा ठेवली की अंड्यांसकट सगळं मरतं. नेहमीच्या चाळणीने प्रौढ आणि अळ्या निघतात, अंडी निघत नाहीत. ट्रायबोलियमचं अंडं जेमतेम 0.6 मिलिमीटर लांब आणि त्याहून अरुंद असतं. पाव मिलिमीटरच्या जाळीवरच ते अडतं. चाळून 'स्वच्छ' केलेल्या पिठात आठवड्याभराने पुन्हा अळ्या दिसतात त्या याच अंड्यांतून. पिठाला गुलाबी छटा आणि उग्र वास आला असेल तर ते भुंगेऱ्यांच्या ग्रंथींतल्या क्विनोन नावाच्या रसायनांमुळे. असं पीठ टाकून द्यावं.

मित्रकीटकांचा सगळ्यात चांगला वापर बहुतेक जण करतच नाहीत, तो म्हणजे रिकाम्या कोठीत. धान्य संपल्यावर फटींत, लाकडी फळ्यांखाली जे दाणे अडकून राहतात त्यांतूनच पुढच्या हंगामाची कीड सुरू होते. झाडून, फटी खरवडून घ्या. नवं धान्य भरण्याच्या सहा-आठ आठवडे आधी पहिली नळी आणि तीन आठवड्यांनी दुसरी, जमिनीलगत कोपऱ्यांत ठेवा. कोठी तोवर बंद आणि अंधारी राहू द्या, आणि भरायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा झाडून काढा.