बाथ की बुडापेस्ट?

युरोपच्या सहलीत गरम झऱ्यासाठी एक दिवस राखलाय, पण इंग्लंडमधलं बाथ की हंगेरीतलं बुडापेस्ट हे ठरत नाहीये? आधी व्हिसा बघा. ब्रिटनचा वेगळा काढावा लागतो, हंगेरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येतं. बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच सुटतो.

निव्वळ इतिहास हवा असेल तर बाथ उजवं. पावसाचं पाणी जमिनीत खोल मुरून तापतं आणि ४६ अंशांवर वर येतं, दिवसाला सुमारे ११ लाख ७० हजार लिटर. रोमनांनी पहिल्या शतकात इथे सुलिस मिनर्व्हा देवीचं देऊळ आणि स्नानगृह बांधलं. झऱ्यात शिशाच्या पत्र्यांवर कोरलेले शंभराहून अधिक शाप सापडलेत, त्यातले बरेचसे चोरांना दिलेले. डोसिमेडिस नावाच्या गृहस्थाचे दोन हातमोजे गेले, तर चोराची बुद्धी आणि डोळे जावेत असं त्याने देवीला साकडं घातलंय! हे पत्रे वाचायला तरी या स्नानगृहाच्या संग्रहालयात जावंच. तिथल्या मोठ्या तलावाच्या वरच्या गच्चीवरचे पुतळे मात्र रोमन नव्हेत, एकोणिसाव्या शतकातले आहेत.

अडचण एकच, त्या हिरव्या पाण्यात उतरता येत नाही. १९७८ साली पाण्यातल्या अमिबाच्या संसर्गाने एक मुलगी दगावली आणि तिथलं स्नान बंद झालं. नंतर नवी कूपनलिका खोदली आणि २००६ मध्ये जवळच आधुनिक स्पा सुरू झाला. तिथे गच्चीवरच्या तलावातून शहर छान दिसतं, पण तो अनुभव आजचा, रोमनांचा नाही.

बुडापेस्टला इतिहासातच डुंबता येतं. रुदास हे सोळाव्या शतकातलं ऑटोमन, म्हणजे तुर्की स्नानगृह: घुमटाखाली अष्टकोनी कुंड, भोवती आठ खांब, आणि पाणी आजही गरम. सेचेनी हे दुसरं स्नानगृह त्या मानाने कालचं, १९१३ चं. त्याचं पाणी शेकडो मीटर खोल विहिरीतून सत्तरीच्या वर अंशांवर येतं आणि निववून वापरतात. तिथे गळ्यापर्यंत पाण्यात बसून बुद्धिबळ खेळणारे म्हातारे दिसतात. गर्दीही तशीच असते.

आपल्याकडे वज्रेश्वरीला अंगावरच्या कपड्यांनिशी कुंडात उतरतात, तसं या दोन्ही शहरांत चालत नाही, पोहण्याचा पोशाख न्यावा. मुलं बरोबर असतील तर बाथचा स्पा बाद, सोळा वर्षांखालच्यांना तिथे प्रवेश नाही. संग्रहालय मात्र त्यांना दाखवता येईल. लंडनला जाणारच असाल तर रेल्वेने दीड तासावरचं बाथ सोडू नका. फक्त अंग शेकायचं असेल तर बुडापेस्टला रुदास गाठा. तिथे पुरुष-स्त्रियांचे वार वेगळे ठेवायची जुनी पद्धत आहे, तेव्हा तिकिटाआधी सध्याचं वेळापत्रक पाहा.