रीफ टँक थंड ठेवायचा तर पंखे की चिलर?

रीफ टँक म्हणजे जिवंत प्रवाळ ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक. त्यावर एलईडी लावली की तो तापत नाही, या भरवशावर मुंबईत मे महिना निघत नाही. मेटल हॅलाइडच्या जुन्या दिव्यांची धग किरणांवाटे थेट पाण्यात उतरायची, एलईडीची बरीचशी वर हीट सिंककडे, म्हणजे पाठीवरच्या धातूच्या पट्ट्यांकडे जाते, हे खरं. पण लाकडी हुड बंद असेल तर तीच धग पाण्याच्या डोक्यावर कोंडते, आणि जो उजेड पाण्यात शिरतो त्याचीही शेवटी उष्णताच होते. त्यामुळे खर्चाला हात घालण्याआधी हुड काढा, लाइट वीतभर वर टांगा आणि संपमधल्या (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतल्या) पंपाचे वॉट बघा. पाण्यात बुडालेला पंप जेवढी वीज खातो, जवळपास तेवढी सगळी पाण्यालाच देतो. एवढ्यावर ज्यांचं भागतं ते सुखी. आमचं भागलं नाही.

आमचा टँक तीन फुटी, परळला, हॉलमध्ये. आत सगळे मऊ प्रवाळ: झोअँथिड, मशरूम, एक मोठा लेदर, ही सगळी प्रवाळांचीच नावं. (दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. दुकानदार काहीही सांगो, त्या वाटेला मी जात नाही.)

कागदावर चिलरच, म्हणजे टँकचं पाणी गार करणारं फ्रिजसारखं यंत्रच जिंकतं, यात वाद नाही. २६ अंशांवर लावला की २६. पाण्यावर वारा मारून वाफेवाटे ते गार करणाऱ्या पंख्यांना हवेपुढे नमावं लागतं. वेट बल्ब तापमानाच्या, म्हणजे त्या हवेत नुसत्या बाष्पीभवनाने पाणी जितकं गार होऊ शकतं त्याच्या खाली ते पाणी नेऊच शकत नाहीत, आणि खोलीत ३४ अंश व ६५ टक्के आर्द्रता असली तर वेट बल्बच २८ च्या वर असतो. अशा दुपारी पंख्यांकडून २६ मागण्यात अर्थ नाही. आमच्याकडे मेअखेरीस आणि पाऊस लागेपर्यंतच्या त्या घामट दिवसांत पाणी साडेअठ्ठावीसच्या आसपास रेंगाळतं. मऊ प्रवाळांनी आजवर तक्रार केलेली नाही. लेदर दुपारी जरा मिटल्यासारखा वाटतो, इतकंच.

मग चिलर का नको? मित्राचा एक चिलर उन्हाळाभर आमच्याकडे होता. यंत्र चांगलं होतं, त्याला नावं ठेवणार नाही. पण चिलर पाण्यातली उष्णता नाहीशी करत नाही, मागच्या जाळीतून ती खोलीत ओततो, वर कॉम्प्रेसरची स्वतःची वेगळी. टँकशेजारीच आईची खुर्ची. संध्याकाळी सातला तिची मालिका सुरू व्हायची, तेव्हा टँकचा लाइटही पूर्ण जोरात असायचा, आणि नेमका त्याच वेळी कॉम्प्रेसर घुरघुरू लागायचा. गरम वारा थेट तिच्या पोटऱ्यांवर. ती टीव्हीचा आवाज वाढवायची, तोवर कॉम्प्रेसर थांबायचा आणि टीव्ही एकटाच ओरडत बसायचा. "तुझ्या माशांना गारवा, आणि मला शेगडी?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय हॉल तापला की टँक तापतो, टँक तापला की चिलर पुन्हा सुरू, असं ते चक्र. रात्री आम्ही दोघे त्याच हॉलमध्ये झोपतो, हे वेगळं सांगायला नको. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

पंख्यांचा हिशेब मला पटतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना विजेच्या युनिटांत मोजली तर सुमारे ०.६७ युनिट उष्णता सोबत घेऊन जाते. माझा लाइट १५० वॉटचा, दहा तास चालतो, म्हणजे दीड युनिट. ती सगळीच पाण्यात उतरली असं धरलं तरी सव्वादोन लिटरच्या वाफेत प्रकरण मिटतं, आणि उन्हाळ्यात आमच्या टँकमधून दिवसाला तेवढं पाणी सहज उडतं. वीज गेली तर १२ व्होल्टचे पंखे छोट्या बॅटरीवरही फिरतात; चिलरचं तसं नाही.

पंखे फुकटात मात्र पडत नाहीत. उडालेलं पाणी रोज भरावं लागतं. उडालेलं पाणी आपोआप भरणारा ऑटो टॉप-अप नसेल तर दोन दिवस गावाला गेलात की सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारटपणा, चढलीच समजा. झाकण काढल्यामुळे वर जाळी हवी, नाहीतर रास आणि गोबी हे मासे सकाळी फरशीवर सापडतात. उडालेली वाफ जाते कुठे, तर घरातच: टँकमागच्या भिंतीला पावसाळ्यात बुरशी धरते, कपाटाचं दार फुगतं. आणि मीठ! पात्यांच्या कडांवर आधी पांढरी रेघ दिसते, मग बेअरिंग करकरतं, मग एक दिवस पंखा मुकाट थांबतो. पण तो लॅमिंग्टन रोडला कॉम्प्युटरचा पंखा म्हणून स्वस्तात मिळतो आणि स्क्रू ड्रायव्हरने बदलता येतो.

हॉलमध्ये एसी असेल तर फार विचारच करू नका, पंखे घ्या. एसी हवा कोरडी करतो, त्यामुळे पंखे दुप्पट उत्साहाने काम करतात असा माझा तरी अनुभव आहे. चिलरच योग्य ठरेल अशीही घरं आहेत: टँक मोठा असेल, किंवा जे जीव ठेवलेत त्यांना २६ च्या वर चालणारच नसेल. तेव्हा तो ड्राय बाल्कनीत ठेवून पाइप भिंतीतून आत आणता येतात का, हे आधी बघा. येत नसतील तर घरातल्यांना विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

पंखे घेतलेत तर ते पाण्यावर तिरपे लावा, साध्या टेम्परेचर कंट्रोलरवर साडेसत्तावीसला चालू आणि सत्तावीसला बंद असं ठेवा, आणि एप्रिल संपायच्या आत जुना पंखा बदलून टाका, तो नीट फिरत असला तरी.